एका बिटची गोष्ट

आम्ही नाकाडोंगरी आणि आजूबाजूच्या गावांतल्या महिला बचत गटांचं काम पाहतो. एरवी या कार्यक्रमात आम्ही बचत, कर्ज, हप्ता, इतिवृत्त असंच काही सांगत असतो. आजचा विषय वेगळा आहे, पण वहीपासून फार लांबचा नाही. संगणकाला किंवा मोबाइलला आठवण राहते म्हणजे नेमकं काय होतं, आणि माणसाने ती युक्ती कधी, कशी शोधली, त्याचा इतिहास आज सांगायचा आहे.

सुरुवात शेतातल्या मोटारीपासून करू. धानाच्या बांधीला पाणी सोडायचं असलं की आपण स्टार्टरचं हिरवं बटण दाबतो आणि बोट उचलतो. बटण लगेच वर येतं, तरी मोटार चालूच राहते. लाल बटण दाबलं की ती थांबते, आणि बोट काढलं तरी थांबलेलीच राहते. आता दाराची घंटी पाहा. बोट आहे तोवर वाजते, बोट उचललं की गप्प. म्हणजे घंटीला आठवण नाही, स्टार्टरला आहे. आपण शेवटचं कोणतं बटण दाबलं, एवढं तो लक्षात ठेवतो. चालू की बंद, हो की नाही, एवढीच ती आठवण. अशा एका हो-नाहीच्या आठवणीला संगणकाच्या भाषेत ‘बिट’ म्हणतात. मोबाइलमधला फोटो, बँकेतलं खातं, आधारचा क्रमांक, सगळं अशा बिटांचंच बनलेलं असतं.

प्रश्न असा, की घंटीसारखे विसराळू भाग जोडून स्टार्टरसारखी आठवण कशी तयार करायची? हे उत्तर मिळायला बराच काळ लागला, आणि त्या वाटेवर आपल्या विदर्भाचंही एक गाव लागतं.

इंग्लंडमध्ये जॉर्ज बूल नावाचा एक गणिती होता. चपला-बूट शिवणाऱ्याचा मुलगा. विद्यापीठात जाणं जमलं नाही, बहुतेक गणित स्वतःच शिकला. १८५४ साली त्याने विचारांच्या नियमांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याने दाखवलं, की ‘हे आणि ते’, ‘हे किंवा ते’, ‘हे नाही’ असं जे आपण रोज बोलतो, त्याचंही गणित मांडता येतं. खरं असेल तर १, खोटं असेल तर ०.

त्याची बायको मेरी एव्हरेस्ट. ज्यांचं नाव जगातल्या सगळ्यात उंच शिखराला दिलं गेलं, त्या जॉर्ज एव्हरेस्ट यांची ही पुतणी. भारताची मोजणी करणाऱ्या मोठ्या सर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम लॅम्ब्टन १८२३ च्या जानेवारीत आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले, आणि त्यांच्या जागी एव्हरेस्ट आले. मेरीचा हा काका भारतात वर्षानुवर्षं काम करून परत गेला आणि त्याच्याकडून तिने इथल्या विचारांबद्दल पुष्कळ ऐकलं, असं तिने पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. १८६४ साली बूल वारला. मेरीच्या पदरात पाच मुली होत्या. तिने ग्रंथालयात नोकरी केली, मुलींना वाढवलं, आणि लहान मुलांना गणित हसतखेळत कसं शिकवावं यावर पुस्तकं लिहिली. तिच्या मुलींपैकी अलिसिया गणितात नावाजली आणि ल्युसी रसायनशास्त्रात. बूलचं नाव आज संगणकाच्या प्रत्येक पुस्तकात असतं. मेरीचं नाव शोधावं लागतं, म्हणून आम्ही ते इथे मुद्दाम घेतलं.

बूलचं गणित कितीतरी वर्षं कागदावरच राहिलं. १९३७ साली अमेरिकेत क्लॉड शॅनन या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात दाखवलं, की टेलिफोनच्या यंत्रणेत वापरतात ते विजेवर चालणारे खटके, म्हणजे रिले, बूलच्या गणितानेच वागतात. वीज आली तर १, नाही आली तर ०. तिथून ‘लॉजिक गेट’ची कल्पना पक्की झाली.

गेट म्हणजे दार. बावनथडीच्या कालव्याची दारं आपण पाहिली आहेत. एकाच पाटावर एकामागे एक दोन दारं असतील, तर पाणी पुढे यायला दोन्ही उघडी हवीत. याला ‘अँड गेट’ म्हणतात. आपल्या गटाच्या खात्यातून पैसे काढायला दोन सह्या लागतात ना, तसंच. शेताला दोन वेगवेगळ्या पाटांनी पाणी येत असेल, तर कोणतंही एक दार उघडं असलं तरी पुरतं. हा ‘ऑर गेट’. तिसरा ‘नॉट गेट’ उलटं बोलतो. त्याला हो म्हटलं की तो नाही म्हणतो, नाही म्हटलं की हो. ऑर आणि नॉट एकत्र केले की होतो ‘नॉर गेट’. त्याचा नियम सोपा आहे. कोणीही एकाने हो म्हटलं, तर याचं उत्तर नाही. कोणीच हो म्हटलं नाही, तरच याचं उत्तर हो.

पण हे सगळे गेट घंटीसारखे आहेत. समोर या क्षणी जे आहे, त्याचंच उत्तर देतात. मघाशी काय होतं, ते त्यांना ठाऊक नसतं.

आठवणीची युक्ती खरं तर शॅननच्याही आधी सापडली होती. १९१८ साली, पहिलं महायुद्ध सुरू असताना, इंग्लंडमध्ये विल्यम एकल्स आणि एफ. डब्ल्यू. जॉर्डन या दोघांनी एका विद्युत मंडलाचं पेटंट मागितलं. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व असायचे, तसे दोन व्हॉल्व त्यांनी घेतले. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला दिलं आणि दुसऱ्याचं उत्तर पुन्हा पहिल्याला. मग असं झालं, की एक चालू असला की तो दुसऱ्याला बंद ठेवतो, आणि दुसरा बंद असल्यामुळे पहिला चालूच राहतो. बाहेरून एक धक्का दिला की जोडी उलटते आणि उलटी होऊन तशीच थांबते. पुढे या जोडीला ‘फ्लिप-फ्लॉप’ हे नाव पडलं. गेट वापरून बनवलेल्या तिच्या सगळ्यात साध्या रूपाला ‘लॅच’ म्हणतात. लॅच म्हणजे दाराची कडी. एकदा लावली की कोणी काढेपर्यंत लागलेलीच.

आपला स्टार्टरही हेच करतो. हिरवं बटण दाबलं की आतल्या गुंडाळीत वीज जाते आणि ती लोखंडी पट्टी ओढून घेते. पट्टी ओढली गेली, की गुंडाळीला वीज देणारी आणखी एक वाट जोडली जाते. मग बटणाची गरज उरत नाही. स्वतः चालू आहे, म्हणूनच ती चालू राहते. लाल बटण ती वाट तोडतं.

मैत्रिणींनो, ही कडी आपल्याला बैठकीत, तारा आणि वीज नसताना करून पाहता येते. आम्ही काही गटांत हा खेळ घेतला आहे. चार जणी लागतात. दोघी समोरासमोर बसतील. त्यांना गंगा आणि यमुना म्हणू. यमुनेच्या मागे एक जण उभी राहील, ती हिरवं बटण. गंगेच्या मागे एक जण, ती लाल बटण. गंगा आणि यमुना या दोघी नॉर गेट आहेत. दोघींना नियम एकच: पाठीवर हात पडला, किंवा समोरचीचा हात वर दिसला, तर आपला हात खाली. दोन्हीपैकी काहीच नसेल, तर आपला हात वर.

आता हिरवीने यमुनेच्या पाठीवर हात ठेवला. यमुनेचा हात खाली गेला. गंगेच्या पाठीवर कोणाचा हात नाही आणि समोर यमुनेचा हातही वर नाही, म्हणून गंगेने हात वर केला. आता हिरवीने आपला हात काढून घेतला. काय बदललं? काहीच नाही. यमुनेच्या पाठीवर आता हात नसला, तरी समोर गंगेचा हात वर दिसतो आहे, म्हणून यमुना हात खालीच ठेवते. यमुनेचा खाली आहे, म्हणून गंगेचा वर राहतो. हिरवी घरी निघून गेली तरी गंगेचा हात वरच. गंगेचा हात वर म्हणजे ‘हो’ लिहिलं गेलं.

मग लालने गंगेच्या पाठीवर हात ठेवला. गंगेचा हात खाली. यमुनेला आता अडवणारं कोणी नाही, म्हणून तिचा वर. लालने हात काढला तरी यमुनेचा वर असल्याने गंगेचा खालीच. ‘हो’ पुसून ‘नाही’ लिहिलं गेलं.

यात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. गंगेला मघाचं काही आठवत नाही, यमुनेलाही नाही. दोघी फक्त आत्ता काय दिसतं तेवढंच पाहतात. आठवण एकीच्याही डोक्यात नाही, ती दोघींच्या एकमेकींकडे पाहण्यात आहे.

खेळात एक अडचणही येते. हिरवी आणि लाल दोघींनी एकाच वेळी हात ठेवला तर गंगा आणि यमुना दोघींचे हात खाली जातात, आणि ‘हो’ की ‘नाही’ हा प्रश्नच उरत नाही. मग दोघींनी एकदम हात काढला तर जी चपळ असेल तिचा हात आधी वर जातो, आणि तेच उत्तर ठरतं. म्हणून अशा कडीत ‘लिही’ आणि ‘पूस’ हे दोन्ही हुकूम एकाच वेळी द्यायचे नाहीत, असा दंडक आहे. वीज नुकतीच सुरू होते तेव्हाही असंच असतं. कडी कोणत्याही बाजूला पडू शकते, म्हणून यंत्र सुरू होताच आधी सगळ्या कड्या ठरवून एका बाजूला लावून घेतात.

एका कडीत एक बिट मावतो. मग मोठा आकडा कसा लिहायचा? कड्या ओळीने मांडायच्या आणि प्रत्येकीला किंमत द्यायची: १, २, ४, ८, १६, ३२, ६४, अशी दरवेळी दुप्पट. आपली महिन्याची १०० रुपये बचत लिहायची तर ६४, ३२ आणि ४ च्या कड्या ‘हो’, बाकीच्या ‘नाही’. बेरीज करून पाहा, १०० भरते. सात कड्यांत, म्हणजे खेळातल्या चौदा जणींच्या हातांत, १०० रुपयांची नोंद राहिली.

१९४६ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात एनिॲक नावाचं प्रचंड यंत्र जगासमोर आलं. त्यात सुमारे १८ हजार व्हॉल्व होते आणि आकडे धरून ठेवायला अशाच फ्लिप-फ्लॉपच्या रांगा होत्या. त्या यंत्राकडून हिशेब कसा करून घ्यायचा, कोणती तार कुठे जोडायची, हे सहा तरुण बायकांनी बसवलं: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन. यंत्राचे फोटो छापून आले, पण त्यांची नावं कित्येक वर्षं पुढे आली नाहीत. मोठा सन्मान झाला तो १९९७ साली.

आपल्याकडे हे काम मुंबईत झालं. होमी भाभांनी १९४५ साली सुरू केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५० च्या दशकाच्या मध्याला आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळी संगणक बांधायला बसली. आधी १९५६ साली एक लहान नमुना चालवून पाहिला. पूर्ण यंत्र १९६० साली रीतसर सुरू झालं, आणि १९६२ साली पंतप्रधान नेहरूंनी त्याचं नाव ‘टिफरॅक’ ठेवलं. ज्या पोलादी चौकटीत ते बसवलं होतं ती १८ फूट लांब आणि ८ फूट उंच होती. आत २,७०० व्हॉल्व होते. आज आपल्या पदराच्या गाठीत मावेल अशा एका चिपमध्ये त्याहून कितीतरी जास्त गेट असतात.

व्हॉल्वच्या फ्लिप-फ्लॉप महाग पडत आणि तापत. म्हणून हाताशी लागणारे आकडे तेवढे त्यांत ठेवायचे आणि बाकी मोठ्या साठ्यासाठी वेगळा उपाय करायचा, अशी त्या काळची रीत होती. टिफरॅकनेही तोच उपाय केला, तो म्हणजे फेराइटच्या बारीक कड्या. या कड्या म्हणजे दाराच्या नव्हेत, बांगडीसारख्या गोल, पण आकाराने अगदी लहान. कडीतून तार ओवून वीज सोडली की ती एका दिशेने चुंबक बनते, उलट वीज सोडली की दुसऱ्या दिशेने. एक दिशा ‘हो’, दुसरी ‘नाही’. वीज गेली तरी चुंबकाची दिशा तशीच राहते, हा तिचा मोठा गुण. टिफरॅकच्या या साठ्यात ४० बिटचे २,०४८ शब्द मावत, म्हणजे सुमारे ८२ हजार हो-नाही.

या कड्या अशा स्मृतीसाठी कशाच्या बनवत, माहीत आहे? लोह, मॅग्नेशियम आणि मँगनीज यांच्या ऑक्साइडांचं मिश्रण भाजून. मँगनीज म्हणजे आपल्या शेजारच्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या खाणीतून निघतं तेच खनिज. कुठल्या खाणीचं मँगनीज कुठल्या यंत्रात गेलं, हा हिशेब इथे मांडायचा नाही. पण ज्या काळ्या दगडाकडे आपण लहानपणापासून फक्त मजुरी म्हणून पाहिलं, त्याच जातीच्या खनिजाने जगातल्या संगणकांची आठवण काही वर्षं सांभाळली, एवढं आपल्या मुलींना ठाऊक असायला हवं.

आणि त्या कड्यांतून तारा कोण ओवत असे? परदेशातल्या कारखान्यांत हे काम मुख्यतः बायकाच करत, भिंगाखाली, सुईने, एकेक कडी. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला. त्या यानातल्या संगणकाचे सगळे गेट एकाच जातीचे होते, नॉर, आपल्या गंगा-यमुनेसारखे. त्यातली कायमची कार्यक्रम-स्मृती मात्र तारांनी विणलेली होती. तार कडीतून गेली तर १, बाहेरून गेली तर ०. अमेरिकेत वॉल्टहॅम गावातल्या कारखान्यात बायकांनी ती हाताने विणली. आपल्या मोहाडी तालुक्यात आंधळगावला कोशाचं कापड विणतात. उभ्या धाग्याच्या वरून की खालून, हा प्रश्न मागावर दर वेळी पडतोच. तेव्हा हे काम आपल्या बायकांना परकं वाटायचं कारण नाही.

ज्यांच्या घरी मुलं-मुली विज्ञान शिकत आहेत, त्यांनी ही कडी खऱ्या तारांनीही करून पाहावी. ‘७४एचसी०२’ नावाची १४ पायांची लहानशी चिप मिळते. तिच्यात चार नॉर गेट असतात, त्यांतले दोनच लागतात. पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या एका पायाला, दुसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या एका पायाला जोडायचं. उरलेल्या एकेका पायाला एकेक बटण. बटण दाबलेलं नसताना तो पाय अधांतरी राहू नये, म्हणून एका रोधकाने तो सेलच्या ऋण टोकाला बांधायचा. न लागणाऱ्या दोन गेटचे आत येणारे पायही ऋण टोकालाच. उत्तराच्या पायाला रोधकामागे एक लहान एलईडी दिवा. वीज म्हणून टॉर्चचे दीड व्होल्टचे तीन सेल ओळीने. घरच्या सॉकेटमधली वीज याला कधीही लावायची नाही. सेलमध्ये जी काळी पूड असते तिच्यात मँगनीज डायऑक्साइड असतो. डोंगरी बुजुर्गच्या खाणीतला असा माल सेल बनवणाऱ्या उद्योगाला जातो.

दिवा लागला की सेल काढून परत लावा. मघाचं ‘हो’ राहील याची खात्री नाही, कारण आठवण वीज असेपर्यंतच होती. मोबाइलच्या मुख्य चिपमध्ये आजही लाखो बिट अशाच एकमेकांना धरून ठेवणाऱ्या जोड्यांत असतात. फोन बंद केला की त्या विसरतात. फोटो आणि नोंदी टिकतात, कारण त्या वेगळ्या प्रकारच्या साठ्यात उतरवून ठेवलेल्या असतात. उतरवून ठेवायचं राहिलं, तर गेल्या.

हे सगळं बचत गटाच्या बायकांना कशाला, असं कोणी विचारेल. त्याचं कारण सांगतो. आमच्या भागातल्या एका गटाने कर्जाचा हप्ता भरला होता. पुढच्या महिन्यात त्यांना सांगितलं गेलं, ‘संगणकात दिसत नाही.’ एवढं ऐकून सगळ्या गप्प बसल्या. संगणक म्हणतो म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार, असं प्रत्येकीला वाटलं. त्या गटाची सचिव सातवी शिकलेली. तिने भरणा पावती काढली, इतिवृत्तातली त्या दिवसाची नोंद दाखवली, आणि शोध घ्या म्हणाली. तेव्हा कळलं, की रक्कम दुसऱ्याच खात्यावर चढली होती. ती दुरुस्त झाली.

संगणकाला काही माहीत नसतं. गंगेचा हात वर आहे, एवढंच तिथे असतं. तो हात वर करायला कोणीतरी यमुनेच्या पाठीवर हात ठेवलेला असतो. बरोबर ठेवला तर बरोबर, चुकीच्या जागी ठेवला तर कडी चूकही तितक्याच इमानाने धरून ठेवते. म्हणून ‘संगणकात असंच आहे’ हे शेवटचं उत्तर मानायचं नाही. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कशावरून लिहिलं, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. आणि विचारायचं तर आपल्या हातात आपली नोंद हवी.

आपल्या पंचसूत्रीत नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज आणि नियमित परतफेड यांच्यानंतर पाचवं सूत्र आहे, नियमित लेखे. आता गटांच्या नोंदी मोबाइलवर भरल्या जातात, ते चांगलंच आहे, आणि ते काम आपल्या मुली-सुनांनी शिकायलाच हवं. पण वही बंद करू नका. ॲपमध्ये रक्कम भरली की ती वहीशी दोघींनी मिळून ताडून पाहा, एक वाचणारी आणि एक बघणारी. पावती त्याच दिवशी चिकटवा. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनीही आपली रक्कम मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नये.

येत्या बैठकीत कामकाज संपलं की दहा मिनिटं काढून गंगा-यमुनेचा खेळ घ्या. शाळेत गेलेल्या आणि न गेलेल्या, दोघींना शेजारी बसवा. कोणाला खेळ आधी कळला, ते आम्हाला पुढच्या भेटीत सांगा.